गाळाचं तोरण

लग्न झालं तेव्हा मी अंगानं दांडगा होतो, पण घरात माझ्या शब्दाला पालकाच्या जुडीएवढीही किंमत नव्हती. लग्न झालं की पोरगा मोठा होतो म्हणतात. खोटं आहे. मी मोठा झालो तो लग्नानंतरच्या पहिल्या श्रावण-भादव्यात, आणि तोही कांतामुळं. कांता म्हणजे माझी बायको. ती जाऊन आता दुसरा पोळा येईल. घर मोकळं झालं की जुनं आठवते असं लोक सांगतात. मला तर वाटते, जुनं तसंही आठवतच राहते, फक्त मग मधात बोलून अडवणारं कोणी उरत नाही. मी सातवीपर्यंत शिकलो, तेही ढकलत ढकलत. लिहिण्यात चुका निघतील त्या काढणाऱ्यानं काढाव्या. गोष्ट मात्र मला सांगायचीच आहे, कारण ती आम्ही दोघं जिंकलो होतो, आणि आमच्यासारख्यांच्या जिंकण्याच्या गोष्टी फार नसतात.

नाचणगावातलं आमचं घर म्हणजे पुढून घर आणि मागून भाजीचा ढीग. तांबडं फुटायच्या आत माय अंगणात बसून जुड्यांवर पाणी शिंपायची, तो सपसप आवाज मला झोपेतच ऐकू यायचा. मग बाबांचं खाकरणं, मग बैलांच्या गळ्यातले घुंगरू, मग बंडीचं चाक दारापुढच्या दगडावर आदळायचं आणि आम्ही पुलगावच्या बाजाराकडे निघायचो. घराला बारा महिने सांभाराचा वास, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीचा. पाहुणे आले की नाक वर करून म्हणायचे, वा, काय वास आहे. आम्हाला तो येतच नव्हता. जे विकलं गेलं नाही ते रात्री ताटात यायचं, म्हणून आमच्या जेवणाचा बेत माय ठरवत नव्हती, पुलगावचं गिऱ्हाईक ठरवत होतं. ढेमसं उरले की ढेमसं, वांगे उरले की चुलीत भाजून भरीत, त्यावर कच्चं तेल आणि बाजूला भाकर. त्या भरताची चव अजून जिभेवर आहे. दात नाहीत, चव आहे.

घर चालवायची गोदाआत्या. बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून भावाकडे आली, आणि येताना आपला हुकूम सोबत घेऊन आली. स्वतः हळदीकुंकवाला हात लावत नव्हती, पण कोणी, कुठं, किती लावायचं ते तिच्याशिवाय ठरत नव्हतं. बाबा तिच्यापुढे खाली मान घालून बसायचे आणि माय तर तिच्यापुढे बसायचीच नाही. आत्याला भाजीतलं जेवढं कळत होतं तेवढं मी नंतर कोणात पाहिलं नाही. दुधी दिसला की नख लावून पाहणार, वालाची शेंग कानाजवळ मोडून ऐकणार, आणि भेंडी दिसली की तिचं टोक कट्कन मोडणार. टोक मोडलं तर कवळी, नुसतं वाकलं तर जून. हे सगळेच भाजीवाले करतात, पण आत्याचा अंगठा तिला न विचारता चालत होता. एकदा एका लग्नात गेलतो, तिथं नवरीकडच्या कोठीत शिरून तिनं सगळ्या भेंड्यांचे शेंडे मोडून ठेवले. आचारी ओरडला तर म्हणे, "मी काई केलं नाई बाप्पा, हात गेला."

आमच्या घरी भादव्यात महालक्ष्म्या उभ्या राहत. मखरात ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पुढे त्यांची बाळं, आणि वर दोऱ्यानं लटकवलेला फुलोरा, म्हणजे तळलेल्या करंज्या, पापड्या, वेण्या. हे विदर्भात घरोघरी असते. पण आमच्याकडे फुलोऱ्याच्या खाली आणखी एक तोरण बांधायचे, आपल्या वाडीतल्या, म्हणजे नदीकाठच्या भाजीच्या मळ्यातल्या, सोळा भाज्यांचं. वांगं, भेंडी, कारलं, दोडकं, पडवळ, गवार, चवळी, ढेमसं, तोंडलं, असं सुतळीत ओवून. नैवेद्याच्या भाजीत शेजाऱ्याच्या वाडीतली एखादी आली तरी चालत होती. तोरणातली मात्र आपल्या मातीतलीच पाहिजे. विकत आणलेलं तर नावच नको. "आपुन इकनारे," आत्या म्हणायची, "देवीपुढं इकत घेतलेलं बांधलं त थे इचारन का नाई, तुहे हात काय झडले का म्हनून?"

त्या वर्षी कांता नवी सून होती. आष्टीची. उंच, काळी, हातानं मोकळी आणि तोंडानं त्याहून मोकळी. राखी झाली, बहिणी सासरी परत गेल्या, आणि वर कुठंतरी ढग फुटला असेल, वर्धा नदी फुगली ती आमची वाडी घेऊनच उतरली. पाणी ओसरल्यावर मी आणि बाबा पाहायला गेलो. वाडी नव्हती. एक सपाट, चकचकीत, पाय गिळणारा गाळ होता आणि त्यातून मांडवाचे दोनचार बांबू वर आलेले होते. बाबा धोतर वर धरून उभे राहिले. मग म्हणाले, "बियानं पाह्यजे," आणि मागं फिरले. हे मला आवडलं होतं. रडले नाहीत. गाळ आला म्हणजे पुढच्या साली जमीन माजते हे भाजीवाल्याला ठाऊक असते.

पण घरी गोदाआत्या बसलेली होती. संध्याकाळी जेवताना तिनं काढलं. ताटात नुसतं वरण आणि भाकर, भाजीवाल्याच्या घरी भाजी नाही.

"यंदा महालक्ष्म्या उभ्या राह्यत नाई," आत्या म्हणाली. "तोरन कायचं बांधता? गाळाचं?"

बाबा भाकर मोडत होते ते थांबले. "आक्का, वर्षाचा कुळाचार हाये. असा मोडत नाई."

"मी मोडला का? नवी सून घरात आली अन् नदी मागं मागं आली. याच्या आंधी आली होती का कवा? पायगुन म्हनतात त्याले." कांता चुलीजवळ होती, तिच्या पाठीकडे पाहूनच आत्या बोलत होती. "हिले दसऱ्यापावतर आष्टीले पाठवून द्या. वाडी उभी झाली का पाहू मंग."

या 'दसऱ्यापावतर'चा अर्थ घरात सगळ्यांना कळला. आमच्याच गल्लीतली एक सून अशीच दसऱ्यापर्यंत म्हणून माहेरी गेली होती. नंतर कित्येक दसरे आले आणि गेले, ती काही आली नाही. तिचा नवरा मग दुसरी करून मोकळा झाला. मी घरात कधी तोंड उघडलं नव्हतं, ते उघडलं. "आत्या, नदी काय हिच्या पेटीत बसून आली का आष्टीहून?"

"तिकडूनच येते थे!" आत्या म्हणाली. "आष्टी वरच्या अंगाले हाये. पानी तिकडूनच इकडं उतरते. शाळेत काय शिकला रे?"

पाणी खरंच तिकडून येते. माय हसू दाबायला पदर तोंडात धरून पाणी आणायला उठली. पण आत्या हसत नव्हती आणि कांता तर मुळीच नव्हती. तिनं भाकर तव्यावर उलटली आणि चुलीत एक काडी सारली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गाळातून बांबू उपसायला गेलो. मी ओढतो आहे, ती धरून आहे. मध्येच पाहतो तर बाईनं बांबू सोडला आणि दोन्ही हातांत गाळाचा गोळा घेऊन मळते आहे. भाकरीचं पीठ मळावं तसं. मला राग आला.

"काय वं, खेळाले आली का?"

"अजी, पाहा तरी. लोन्यासारखा हाये. खडा नाई, रेती नाई." आणि बोलता बोलता तिनं त्याचं वांगं केलं. देठाकडे चिमटा घेतला, बोटानं वरून पाच पाकळ्या दाबल्या, झालं वांगं. मी पाहतच राहिलो. ती म्हणाली, "आत्याबाईले आपल्या मातीतलं पाह्यजे न? मंग हे काय मुंबईची माती हाये?"

कांताची आजी आष्टीला लगद्याच्या टोपल्या करायची. जुना कागद भिजवायचा, कुटायचा, त्यात मेथ्या वाटून घालायच्या म्हणजे कीड लागत नाही आणि चिकटपणाही येतो, मग फुटक्या टोपलीवर तो थापायचा. पीठ ठेवायला, डाळ ठेवायला अशी टोपली पिढी पिढी चालते. कांता म्हणाली, नुसत्या गाळाची भाजी वाळली की तडकेल, लटकवली की पडेल. गाळात लगदा मिसळला तर हलकी होईल आणि भट्टीत न घालता नुसत्या हवेवर टणक होईल. मागच्या दिवाळीत नातीनं बाजारातून रंगीत पाकीट आणलं, त्यात तयार माती. म्हणे आबाजी, ही हवेत वाळते. मी म्हटलं, आमची काय पाण्यात वाळत होती? पोरगी रुसली. तिची आजी असती तर त्या मातीचं काहीतरी करून दाखवलं असतं. मला फक्त बोलता येते.

कागद आणायचं काम माझ्याकडे आलं. गावातल्या न्हाव्याच्या, मधूच्या दुकानात जुन्या पेपरांचा गठ्ठा पडून असे. मी तो मागितला तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या गालावर फेस होता आणि बाकावर चारपाच जण उगाच बसलेले होते.

"इतका पेपर कायले रे? वाचाले शिकला का?" मधू म्हणाला.

"भाजी कराची हाये."

"पेपरची?"

"बायको करून राह्यली."

झालं. बाकावरचे उसळले. "नदीनं याची वाडी नेली अन् डोकंबी नेलं!" "जेवाले बोलाव रे, मले खेळाच्या पानाची भाजी आवडते!" फेसवाल्या माणसाला हसता हसता वस्तरा लागायचा राहिला. मी गठ्ठा डोक्यावर घेतला आणि निघालो. मागून मधू ओरडला, "मीठ पाहून टाकजो म्हना!" हसू द्या. रद्दी फुकट मिळाली होती.

कागद फाडून रांजणात भिजवला. सडायला लागला तेव्हा घरभर असा वास सुटला की सांभाराचा वास पहिल्यांदाच आम्हाला आठवला. मग उखळात कुटणं. मी कुटायचो, कांता मेथ्या वाटायची, माय लपूनछपून बाभळीचा डिंक भिजवून द्यायची. आत्या ओसरीवर बसून सुपारी कातरत सगळं पाहायची. अडवलं नाही, पण बोलणं सोडलं नाही. "देवीपुढं मातीची भाजी मांडता का? मंग निवदाले चिखलाचं पुरन करा. पोटात दगडं घाला." पहिला घाणा कांतानं अंगणात उन्हात ठेवला. श्रावणातलं ऊन, मध्येच कडक पडलं. दुपारी पाहतो तर दोडकं दोन ठिकाणी उकललं, वांग्याला तीन भेगा, पडवळाचे तुकडे. आत्या उठून आली, पाहिलं, आणि एक शब्द न बोलता परत जाऊन बसली. तिचं न बोलणं जास्त लागलं. कांता त्या तुकड्यांजवळ बसून राहिली. मला वाटलं, संपलं. आता पेटी भरते. मी म्हणालो, "जाऊ दे, मी बाबाले सांगतो, तुले कोनी कोठी पाठवत नाई."

ती म्हणाली, "तुमी नका सांगू. मी दाखवतो." आमच्याकडे बायाही असंच बोलतात, मी दाखवतो. तिच्या तोंडी ते शोभायचं.

मग तिनं सगळं पुन्हा कुटलं, लगदा वाढवला, आणि ऊन टाळलं. चुलीच्या वर जिथं मिरच्या वाळवतो तिथं बांबूची चटई बांधली आणि तिच्यावर भाजी मांडली, खालून ऊब, वरून धूर. दर थोड्या वेळानं उलटायची. स्वयंपाक करता करता एक हात वर. भाकर उलटली की वांगं उलटायचं, असं तिचं लागलं होतं. भादवा लागला, हवेत ओल इतकी की धुतलेलं धोतर वाळत नव्हतं, पण तिची भाजी वाळत गेली. बोटानं वाजवली की टकटक आवाज यायचा. मग रंग. कुठून आणणार? नीळ आणि कुंकू मिसळलं, वांग्याचा रंग आला. हळदीत नीळ घातली, हिरवा आला. भोपळ्याला गेरू. कारल्याचे काटे तिनं ओलं असतानाच चिमटे घेऊन काढले होते. भेंडीच्या शिरा कंगव्यानं ओढल्या होत्या आणि तिचं टोक तर इतकं बारीक काढलं होतं की मी हात लावायलाही भ्यालो. शेवटी सगळ्यांना जवसाचं तेल चोपडलं. ते जरा चिकट राहिलं, पण वांग्यावर अशी चमक आली की मायनं सवयीनं पदरानं पुसून पाहिलं. मी ती भाजी पाहिली आणि मला पहिल्यांदा माझ्याच घरात छाती काढून चालावंसं वाटलं. असं लिहिताना आता डोळ्याला पाणी येते. येऊ दे. पुसायला रुमाल आहे.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी बाबांनी निकाल दिला. ते मखराचे बांबू बांधत होते. आत्या आली. "मातीचं बांधलं त मी जेवत नाई. दोन्ही दिवस जेवत नाई. पावन्यायले सांगा, घरातली मोठी बाई काऊन उपाशी बसली थे."

ही धमकी लहान नव्हती. महालक्ष्मीच्या जेवणाला अर्धं गाव येते, आणि घरातलं मोठं माणूस उपाशी बसलं तर त्या जेवणाचं तोंड काळं होते. मग लोक विचारणार, कारण निघणार, आणि फिरून सगळं सुनेवर येणार. कांता दारात उभी होती, हातात सूप, सुपात सोळा भाज्या.

बाबा म्हणाले, "आक्का, माती कोठची हाये?"

"माती ते माती."

"आपल्या वाडीची हाये. याच मातीतून थे भाजी येत होती. औंदा लवकर आली म्हन." आणि त्यांनी कांताच्या हातातून सूप घेतलं. बाबांनी जन्मात बहिणीला उलट उत्तर दिलं ते एवढंच. आत्या आपल्या खोलीत गेली आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी देव्या आल्या, तिसऱ्या दिवशी जेवण. पहाटेपासून पुरण शिजत होतं, ज्वारीच्या आंबिलीचा आंबूस वास अंगणापर्यंत आला होता, वडे तळले जात होते, कढी उतू जात होती, आणि शेजारणी येऊन भाज्या चिरून गेल्या होत्या, वरच्या वाड्यांमधून आणलेल्या. दारात पायताणांचा ढीग. बाया मखरापुढे यायच्या, हात जोडायच्या आणि वर पाहिलं की म्हणायच्या, "अगं माय, यायची वाडी त वाहून गेलती न? हे वांगे कोठून आनले?" माय म्हणायची, "आमच्या वाडीतले." खोटं नव्हतंच. मधू न्हावीही आला होता, तो पुरुषांच्या ओळीत बसून मान लांब करून वर पाहत होता. आणि आत्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, मखराकडे पाठ फिरवून बसली होती. तोंडात पाण्याचा थेंब नाही. दोनतीन बायांनी विचारलंच, "आत्याबाईचं ताट?" माय म्हणाली, "थांबल्या हायेत." किती वेळ थांबणार? ओळ बसली, पत्रावळी पडल्या, पण घरातली मोठी उठल्याशिवाय वाढणार कोण? कांता आंबिलीचं पातेलं घेऊन मधोमध उभी. तिच्या हाताला चटका बसत असणार, पण ती खाली ठेवत नव्हती.

तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे ती जेवणाच्या वेळीच जायची. मखराच्या खोलीत दिवसाही अंधार, समईचा उजेड तेवढा राहिला. आणि अंधारात कोणाचा तरी धक्का मखराला लागून फुलोऱ्याचा एक दोरा सुटला, करंजी खाली लोंबली, समईच्या वातीपाशी. तेलातली करंजी, ती पेटली असती. ओरडा झाला. पण फुलोरा दरसाल बांधायचा तो आत्यानंच, तिच्या गाठी दुसऱ्याला येत नव्हत्या, आणि यंदा तो मायनं बांधला होता. ती झटक्यात उठली, "सरका वं, सरका," म्हणत मखरापुढे गेली, करंजी वर घेतली, दोरा ओढला, गाठ मारली. उजवा हात गाठीवर. डावा हात आधाराला वर गेला. आणि ओरडा थांबतो न थांबतो तोच सगळ्यांना आवाज आला.

कट्.

आत्यानं भेंडीचं टोक मोडलं होतं.

मी सांगतो, त्या घरात पन्नासेक तरी माणसं असतील, सगळ्यांच्या माना एकदम तिच्या हाताकडे वळल्या. आत्यानं बोटातलं टोक समईजवळ नेऊन पाहिलं. आतून ते राखेच्या रंगाचं होतं. तिनं एकदा वर पाहिलं, एकदा टोकाकडे, आणि मग मागं वळून कांताकडे. कांता अजून पातेलं धरूनच उभी होती.

"कवळी हाये," आत्या म्हणाली.

एक बाई फिसकन हसली. आत्या तिच्यावर वळली. "हासता काऊन वं? भेंडी कवळी हाये म्हनलं मी. जून असती त मोडली नसती. भाजीवाल्याच्या घरी काय जून बांधतात का?" मग कांताला, "उभी काय राह्यली? हात भाजून घेशीन. ठेव थे खाली. अन् माह्यं पान मांड. आंबील थंडी होऊन राह्यली."

मग जे हसू उसळलं ते दारातून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर गेलं. बाबा हसता हसता खोकले. आत्या जेवली, आंबील दोनदा मागून घेतली, आणि वाढणाऱ्या कांताला म्हणाली, "दुधीले नख तेवढं मी लावून पाह्यलं नाई. उद्या पाहीन." जेवणं झाल्यावर गावातल्या बाया तोरणाखाली रांगेनं आल्या. आता सगळ्यांना माहीत होतं माती आहे, तरी एकीलाही राहवत नव्हतं. कट्. कट्. संध्याकाळपर्यंत एका भेंडीला शेंडा उरला नाही. कांतानं कपाळावर हात मारला आणि तिथंच बसून उरलेल्या लगद्याच्या भेंड्या पुन्हा वळायला घेतल्या. मधू मला बाजूला घेऊन म्हणाला, "माह्या घरच्या मखराले पुढच्या साली काई करून देईन का वहिनी? पेपर मी देतो. पाह्यजे तेवढे." मी म्हणालो, "मीठ पाहून टाकतो." त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

देव्या उठल्या, दिवस गेले, बाबांनी गाळात बी टाकलं आणि ते असं वर आलं की लोक बांधावर उभे राहून पाहायचे. दसरा जवळ आला तेव्हा एका सकाळी आत्यानं नवं लुगडं नेसलं आणि म्हणाली, "चाल वं कांता. आष्टीले जाऊ. दसऱ्यापावतर नाई, दोन रोजासाठी. मी नेतो, मीच आनतो." आणि मला, "तू टोपली धर." टोपलीत काय तर सोळा भाज्या, त्याच, मखरावरून उतरवून जुन्या धोतरात गुंडाळलेल्या.

पुलगावहून आर्वी, आर्वीहून आष्टी. दोन्ही यष्टींमध्ये टोपली आत्याच्या मांडीवर, कोणाला हात लावू दिला नाही. खिडकीतून नदीचं पाणी दिसलं की आत्या तिला हात जोडायची आणि मग बडबडायची, "आता येजो माय औंदाच्यासारखी, तुह्या मातीची भाजी कराले आमाले येते." आष्टीला उतरलो तो बाजाराचा दिवस. स्टँडबाहेरच भाजीवाल्यांच्या ओळी. आत्याचे डोळे सगळ्या ढिगांवरून फिरले, नाक मुरडलं, आणि तिनं भर बाजारात टोपली खाली ठेवून धोतर सोडलं. ऊन पडलं तशी वांगी चमकली. एक बाई वाकलीच.

"वांगे कसे वं बाई?"

"इकाचे नाईत."

"मंग बाजारात कायले आनले?"

"दाखवाले," आत्या म्हणाली. "मातीचे हायेत. हात लावून पाहा. आमच्या सुनेनं केले." आणि कांताचं मनगट धरून तिला पुढं ओढलं. बाई कांताकडे पाहून म्हणाली, "अवं, हे त आमच्या आष्टीचीच पोरगी हाये न?"

"होती," गोदाआत्या म्हणाली. "आता आमची हाये."

कांतानं पदर तोंडाला लावला. ती रडते आहे की हसते आहे ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. सासरवाडीच्या गावात जावई टोपली डोक्यावर घेऊन शिरत नाही, लोक नावं ठेवतात. मी भाज्या परत धोतरात बांधल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि त्या दोघींच्या मागं भर बाजारातून चालत गेलो.